नोंदीखाली नाव हवे
ज्ञान-पोर्टल, म्हणजे कामाची माहिती आणि अनुभव नोंदवण्याचे संस्थेचे सामायिक संकेतस्थळ, उभारले की कर्मचारी आपणहून त्यात भर घालतील, असे एका लेखात गृहीत धरले आहे; ते मला पटले नाही. मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्स या छायाप्रत-यंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांच्या कामाचे निरीक्षण केले, तेव्हा अवघड बिघाडांवरचे उपाय छापील पुस्तिकेपेक्षा तंत्रज्ञांच्या आपसातील किश्श्यांतून पसरत असल्याचे त्यांना आढळले. पुढे १९९० च्या दशकात त्या कंपनीत असे उपाय नोंदवण्याची ‘युरेका’ ही प्रणाली आली. तीत सुचवलेला उपाय सहकारी तंत्रज्ञच पडताळून पाहत आणि मान्य नोंदीवर सुचवणाऱ्याचे नाव राही. माझ्या मते खरी मेख या नावातच आहे. अनेक पोर्टलांवर नोंद कोणाची, ती शेवटची कधी तपासली, हे कळत नाही (एकाच कार्यपद्धतीच्या तीन आवृत्त्या मात्र हमखास सापडतात), आणि मग माणूस मुकाट्याने शेजारच्या जाणकारालाच विचारतो.