पोर रडतंय म्हणजे आई चुकतीय व्हय?

आज खानापूरहून बेळगावला येताना बसमध्ये डोकंच फिरलं माझं. बायकांना तिकीट फुकट झाल्यापासून गर्दी असतेच, त्यात समोरच्या सीटवर एक पोरगी, असेल २३-२४ ची, मांडीवर सात-आठ महिन्यांचं बाळ आणि ते देसूरपासून जे टाहो फोडतंय ते थांबायलाच तयार नाही. मागच्या आजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आईचा लळाच लागला नाही त्याला, मोबाईलवाल्या आया ह्या." मोबाईल कुठं वो, तिच्या दोन्ही हातात बाळ होतं!

माझा थोरला झाला तेव्हा मी लई हुशार आई होते. पाळण्यात टाकला की झोपायचा, शेजारच्या काकू म्हणायच्या, "वळण चांगलं लावलंय की पोराला", आणि मीपण फुगून फिरायचे. मग धाकटी आली. दिवेलागणीला सुरू व्हायची ते रात्री ११ पर्यंत. बाळगुटी झाली, वेखंड झालं, दृष्ट काढून झाली. आई तीच, घर तेच, सासूपण तीच. मग वळण कुठं गेलं माझं?

न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि चेस ह्या डॉक्टर नवरा-बायकोनं १९५६ पासून शंभरावर मुलं तान्ही असल्यापासून बघितली. साधारण १० तलं १ बाळ जात्याच अवघड, ४ निवांत, बाकीची मधली. आणि ते निवांत ज्यांच्या पदरात पडतं त्याच दुसऱ्यांना शिकवायला येतात. (मीपण शिकवलंय, जावेला. अजून लाज वाटते.)

बरं, आईच्या हातात काहीच नसतं असं नाही, मान्य. हॉलंडमध्ये चिडक्या बाळांच्या आयांना घरी जाऊन बाळाच्या खुणा ओळखायला शिकवलं, तर त्यांची बाळं जास्त भरवशानं आईला बिलगायला लागली. पण शिकवलं वो त्यांना! बसमध्ये टोमणे नाही मारले.

एका रात्री धाकटीला सोप्यात ठेवून मीच रडत बसलेले. सासूबाईंनी उचललं तर दुप्पट किंचाळली. परत घेतली तरी रडणं चालूच, पण माझं मंगळसूत्र मुठीत असं धरलेलं की सोडवता येईना. किती रडायचं ते तिच्या स्वभावात होतं, कुणाला धरून रडायचं ते तिला पक्कं माहीत होतं. लळा नाही म्हणे.

आज त्या पोरीला म्हटलं, द्या इकडं थोडा वेळ. माझ्याकडे आल्यावर बाळानं बस डोक्यावर घेतली. तिनं परत घेतलं तसं तिच्या मानेत तोंड खुपसून नुसते हुंदके.

पिरनवाडीला उतरताना आजी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आमचा मधला असाच होता गं, झोपू द्यायचा नाही मेला."

मग मघाशी काय बोलत होता वो!