क्रिंप जितका घट्ट तितकं काडतूस सुरक्षित? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका (प्रोफाइलच्या फोटोवरून म्हणतोय, राग नसावा),

घरी काडतुसं भरताना ९ मिमीच्या पिस्तुलाच्या काडतुसाला क्रिंप (पुंगळीच्या, म्हणजे पितळी नळीच्या, तोंडाला गोळीभोवती दिलेला आवळ) हलकाच ठेवावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं आणि तुम्ही मला चांगलंच फैलावर घेतलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: क्रिंप हलका राहिला तर फीड रॅम्पवर (काडतुसाला बॅरलच्या मागच्या खोलीत, चेंबरमध्ये, नेणाऱ्या उतारावर) आपटून गोळी पुंगळीत मागे सरकते, दाब भडकतो आणि नवशिक्याच्या हातात पिस्तूल फुटतं. तुम्ही रिव्हॉल्व्हरच्या .३५७ आणि ९ मिमी दोन्हींना वर्षानुवर्षं कचकचीत रोल क्रिंप (पुंगळीचं तोंड आत वळवणारा) मारताय, काही बिघडलेलं नाही. आणि फॅक्टरीच्या काडतुसांवर गोल दाबलेली खाच असते, ती काय उगीच?

गोळी मागे सरकण्याची भीती खरी आहे. ९ मिमीच्या पुंगळीत जागा मुळातच थोडी. गोळी जराशी जरी आत गेली तरी दारूला फुलायला वाव उरत नाही आणि दाब झपाट्यानं चढतो. रोज संध्याकाळी पिस्तूल रिकामं करून सकाळी तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये चढवणाऱ्यांकडे हे फॅक्टरीच्या मालातही होतं. आपला वाद एवढाच की गोळीला धरून कोण ठेवतं. तुम्ही म्हणता क्रिंप. मी म्हणतो पुंगळीची पकड, आणि क्रिंप जास्त मारला की तीच पकड सुटते.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना पाहिली असेल तुम्ही. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात, म्हणून ती आवळून बसते. इथेही तेच. साइझिंग डायमधून (वापरलेली पुंगळी आवळणाऱ्या साच्यातून) निघून, एक्सपांडरनं (तोंड फाकवणाऱ्या दांड्यानं) थोडी मोकळी केल्यावरसुद्धा पुंगळी आतून गोळीपेक्षा इंचाचे दोन-तीन सहस्रांश लहान असते. गोळी आत गेली की पितळ ताणलं जातं आणि गोळी जिथवर आहे तिथवर तिला सगळ्या बाजूंनी धरतं. नीट भरलेलं काडतूस उजेडात तिरकं धरून फिरवा. गोळीचं बूड जिथे संपतं तिथे पुंगळीला हलकी कंबर दिसते. ती दिसली की पकड आहे असं समजावं.

आता अशा काडतुसाचं तोंड डायमध्ये कचकचून आवळलं तर काय होतं? पितळही चेपतं आणि आतलं शिसंही. प्रेसचा (काडतूस भरायच्या यंत्राचा) दांडा वर गेला की पितळ थोडं मागे येतं, त्याला उसळी असते. शिशाला ती नाही, ते चेपलेलंच राहतं. म्हणजे ज्या गोळीला धरायचं तीच बारीक झाली आणि धरणारा हात सैल पडला. तांब्याचा पातळ मुलामा दिलेली गोळी असेल तर मुलामाही कापला जातो.

आकड्यांत बघू. ९ मिमीची गोळी ०.३५५ इंच. तोंडाशी पितळाची जाडी साधारण ०.०११, दोन्ही बाजू धरून ०.०२२. बेरीज ०.३७७. सामीच्या (अमेरिकी शस्त्र-काडतूस उत्पादकांच्या मानक संस्थेच्या) मानकात तोंडाचा कमाल व्यास ०.३८० आहे. म्हणजे कॅलिपर ०.३७७ ते ०.३७९ दाखवू लागला की गोळी बसवण्यासाठी फाकवलेलं तोंड सरळ झालं, टेपर क्रिंपचं (तोंड आत न वळवता नुसतं आवळणाऱ्याचं) काम तिथेच संपलं. ०.३७० दिसत असेल तर तुम्ही गोळी चेपताय.

रोल क्रिंपचा दुसरा घोळ याहून मोठा. .३५७ ची पुंगळी चेंबरमध्ये रिमवर (बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर) अडते, त्यामुळे तोंड आत वळवलं तरी तिचं काही बिघडत नाही. ९ मिमी आणि .४५ एसीपी अडतात ते तोंडाच्या कडेवर. ती कडच वळवून टाकली तर काडतूस अडणार कशावर? ते गरजेपेक्षा पुढे जातं, कधी मिसफायर होतो, कधी तोंड बॅरलच्या घळीत (चेंबरपुढच्या अरुंद भागात) शिरून गोळी सुटायलाच जागा राहत नाही. तुमचं आजवर निभावलं त्याचं श्रेय मी एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखाला देईन. तेच काडतुसाला मागून धरून ठेवत असणार. पण ते त्याचं काम नव्हे.

फॅक्टरीच्या खाचेचा मुद्दा चांगला काढलात, पण ती खाच नीट बघा. ती तोंडावर नसते, खाली असते, गोळीच्या बुडाशी. आत तिचा कंगोरा तयार होतो आणि गोळी त्यावर टेकते. तो क्रिंप नाहीच. लष्करी काडतुसांत तर कित्येकदा तोंडाशी डांबरी सीलंटही असतो, त्याचीही थोडी मदत होते.

रिव्हॉल्व्हरबाबत मात्र तुमचा शब्द न् शब्द मान्य. तिथे संकट उलट्या दिशेनं येतं. .४४ मॅग्नमचा बार झाला की धक्क्यानं सिलिंडर मागे झेपावतो, रिममुळे पुंगळ्या त्याच्याबरोबर जातात आणि जड गोळ्या जागच्या जागी राहू पाहतात. प्रत्येक बाराला गोळी केसभर बाहेर येते. सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावली की फ्रेमला अडकते आणि सिलिंडर फिरेनासा होतो. हलक्या धातूच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे जास्त. तिथे गोळीवरच्या खाचेत बसलेला सणसणीत रोल क्रिंप हवाच. शिवाय एच११० सारखी सावकाश जळणारी दारू नीट पेटायलाही तो लागतो. फक्त पुंगळ्या एका लांबीच्या कापून घ्या. एकाच सेटिंगवर लांब पुंगळीला जास्त क्रिंप बसतो, ती क्रिंपच्या जरा खाली फुगते आणि चेंबरमध्ये जात नाही. (आणि ‘कार्बाइड रिंगवाली क्रिंप डाय घ्या, सगळे प्रश्न सुटतात’ असं खाली ज्यांनी लिहिलंय त्यांना: ओतीव शिशाच्या गोळीवर ती रिंग अख्खी पुंगळी दाबू शकते. वरची उसळीची गोष्ट पुन्हा वाचा.)

पुण्याहून दोघातिघांनी साहित्य कुठे मिळेल म्हणून विचारलंय. इथे अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकायचं म्हटलं की लागतो. भारतात काडतूस बनवण्याला १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली परवाना लागतो. तेव्हा तिकडे हा नाद नको.

काका, माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा. तुमच्या ९ मिमीच्या एका काडतुसाची लांबी घ्या, गोळीचं टोक टेबलाच्या कडेवर ठेवून अंगठ्यानं जोर लावा आणि पुन्हा मोजा. मग दुसरं एखादं हातोडी पुलरनं (आपटून गोळी बाहेर काढणाऱ्या हत्यारानं) उघडा आणि गोळीवर क्रिंपचं वळ उमटलंय का, तिथला व्यास ०.३५५ राहिलाय का ते पाहा. .३५७ साठी सिलिंडर भरा, एक सोडून बाकी झाडा आणि उरलेल्या काडतुसाची आधीची व नंतरची लांबी ताडून बघा. जे आकडे येतील ते इथेच खाली टाका, तोंडाचा व्यासही लिहा.