तीनशे ग्रॅमची डोकेदुखी

डोंगरात जायचं ठरतं, रजा मिळते, बरोबर यायला माणसंही मिळतात. घोडं अडतं ते जॅकेटपाशी. मागणी तशी साधीच: हलकं हवं, उबदार हवं, सॅकच्या कोपऱ्यात मावायला हवं. पण शोधायला बसलं की अर्ध्या तासात आपण त्यात भरलेल्या बदकाच्या पिसांचं घनफळ काढत असतो.

कारण पहिलाच शब्द आडवा येतो, फिल पॉवर. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम पिसं फुगून किती घनइंच जागा व्यापतात, तो हा आकडा. ८०० म्हणजे ८०० घनइंच, सुमारे १३ लिटर. मूठभर पिसं, बादलीभर फुगवटा. ऊब पिसांची नसतेच, त्यांनी अडवून धरलेल्या हवेची असते. म्हणजे आपण हवाच विकत घेतो, तीही महागातली.

हा आकडा बाहीवर पदकासारखा मिरवत असतो. पिसं किती ग्रॅम भरलीत, हे मात्र आतल्या लेबलावर मुंगीएवढ्या अक्षरात, नाहीतर कुठेच नाही. खरं गणित दोन्ही मिळून होतं. ८५० ची ७० ग्रॅम आणि ६०० ची १०० ग्रॅम, गुणाकार करून पाहा: ५९,५०० आणि ६०,०००. ऊब जवळपास तेवढीच, फरक ३० ग्रॅम वजनाचा. त्याच ८५० ची जेमतेम ४० ग्रॅम भरली असतील, तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. जॅकेट ३०० ग्रॅमचं असेल तर त्यात ८० ते १०० ग्रॅम पिसं असावीत, असं माझं मत. बाकीचं वजन कापड, चेन आणि कंपनीच्या बिल्ल्याचं.

‘उणे १० अंशांपर्यंत’ असं काही लिहिलेलं दिसलं तर मी ते कवितेसारखं वाचतो. स्लीपिंग बॅगसाठी निदान ठरलेली चाचणी आहे. इथे उणे १० मध्ये कोण उभं होतं, वारा होता का, पोटात काही होतं का, काही कळत नाही.

पिसांचा मोठा दोष म्हणजे ती भिजली की रुसतात. गोळे होतात, फुगवटा जातो आणि हातात उरतं एक ओलं, महागडं कापड. सिंथेटिक भरण भिजलं तरी बरीचशी ऊब राखतं, लवकर वाळतं. पण त्याच उबेला वजन जास्त, सॅकमध्ये जागा जास्त, आणि वर्षानुवर्षं दाबून भरलं की ते चपटं होतं. कोरडी, कडाक्याची थंडी असेल तर पिसं, धुकं आणि भिजपाऊस असेल तर सिंथेटिक. सिंथेटिकच्या लेबलावर ‘६० ग्रॅम’ वाचून हरखू नका. ते एक चौरस मीटर भरणाचं वजन असतं, जॅकेटचं नव्हे.

मग येतं कापड. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. १० डेनियर म्हणजे नऊ किलोमीटर धागा आणि वजन १० ग्रॅम! असल्या कापडाला काटेरी झुडपाने नुसतं बोट लावलं तरी पुरतं. शेकोटीची एक ठिणगी उडाली की नायलॉन वितळून वाटाण्याएवढं भोक. दुरुस्तीची चिकटपट्टी जवळ ठेवावी आणि तुकडा गोल कापावा. चौकोनी तुकड्याचे कोपरे सॅकला घासून सुटतात.

आरशासमोर सगळं छानच दिसतं, म्हणजे आपण गाद्यांच्या गठ्ठ्यासारखे दिसतो, पण ते चालायचंच. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच बलूनच्या कापडाचा, आयडर बदकाच्या पिसांचा कोट घालून आला, तेव्हा सोबतचेही हसले होते. थंडी वाढल्यावर थांबले. तेव्हा आरसा सोडा आणि दोन्ही हात वर करा. कंबर उघडी पडली तर जॅकेट आखूड. टोपी चढवून मान वळवा. टोपी समोरच बघत राहिली आणि आपल्या डोळ्यांपुढे अस्तर आलं, तर तिला गळ्याशी आवळायची दोरी नाही. सॅक पाठीला लावून पट्टा बांधा, निम्म्या जॅकेटांचे खिसे त्याखाली गाडले जातात. हातमोजे घालून चेन ओढा, आणि चेनमागची पट्टी मऊ असेल तर ती दातांत अडकते का, तेही तिथेच बघा.

घट्ट जॅकेट घेऊ नका. आतली पिसं दबली की ऊब गेली. चढणीवर घालून चालू तर अजिबात नका, घाम आतून पिसांत मुरतो आणि पावसाशिवाय भिजण्याची सोय होते. हे जॅकेट थांबण्यासाठी असतं. थांबल्या थांबल्या, अंग गार पडायच्या आधी घालायचं. ते उष्णता तयार करत नाही, आपलीच सांभाळून ठेवतं. आधीच कुडकुडत असलेल्या माणसाने घातलं तर सांभाळायला शिल्लक काय? भरण ज्यांत असतं त्या कप्प्यांची शिवण आरपार असल्यामुळे टाक्यांच्या रेघांवर भरण जवळपास नसतंच. वारा तिथूनच चौकशीला येतो, म्हणून वर वारा अडवणारं पातळ जॅकेट मावेल एवढी जागा हवी.

एवढं सगळं करून घरी आणलं की दुसऱ्या दिवशी बाहीच्या टाक्यातून एक बारीक पीस डोकावतं. बोटं शिवशिवतात. ओढू नका. ओढलं की भोक मोठं होतं आणि त्याच वाटेने मागची मंडळी रांगेने बाहेर येतात. कापड मागच्या बाजूने चिमटीत धरून पीस आत खेचा, बोटाने टाका चोळा आणि दुसरीकडे बघा. तिथे दुसरं आलेलं असेल.