'लेगसी केलं आणि चालू झालं' : ऐरोलीच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, एसएसडी बसवण्यावरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली, दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात, काकांनी मुलीच्या आठव्या जनरेशनच्या आय-फाइव्ह लॅपटॉपमधली हार्डडिस्क काढून तिथे अडीच इंची साटा एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवली, आधी विंडोज टेनचा सी ड्राइव्ह तिच्यावर क्लोन, म्हणजे हुबेहूब कॉपी, करून घेतला होता, आणि चालू करतात तर काळ्या स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस'. बूट ऑर्डर, म्हणजे कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो क्रम, बदलून बघितली, काही फरक नाही. शेवटी कोपरखैरण्याला दुकानात नेला, तिथे बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होण्याचा मोड लावून नवीन विंडोज टाकून दिलं आणि लॅपटॉप सुरू. म्हणून काकांचं म्हणणं असं की मी यूईएफआयचा (लॅपटॉप सुरू होण्याच्या नव्या पद्धतीचा) उगाच आग्रह धरतो, लेगसीत छान काम होतं, आणि साध्या माणसाने या भानगडीत न पडता सरळ दुकान गाठावं.

लॅपटॉप सुरू झाला हे उत्तमच, मुलीचा अभ्यास अडला नाही. पण तो लेगसीमुळे सुरू झाला हे मला अजिबात पटत नाही.

तुम्ही लिहिलंय, 'सी ड्राइव्ह पूर्ण कॉपी केला तरी बूट झालं नाही'. खरी गोम तिथेच आहे. जुनी हार्डडिस्क यूएसबी केसमध्ये टाकून लॅपटॉपला लावा, डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि तिची आडवी पट्टी नीट बघा. सीच्या शेजारी १०० नाहीतर २६० एमबीचा एक बारकासा तुकडा दिसेल, त्यावर 'ईएफआय सिस्टम पार्टिशन' लिहिलेलं असेल. त्याला सी, डी असं अक्षर नसतं त्यामुळे धिस पीसीमध्ये तो कधी दिसतच नाही आणि क्लोन करताना कुणालाही वाटतं हे काय कामाचं, राहू दे. पण लॅपटॉप चालू झाला की त्यातलं फर्मवेअर (विंडोजच्या आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर) पहिल्यांदा याच फॅट-३२ तुकड्यात जाऊन विंडोज बूट मॅनेजरची फाइल शोधतं, सी ड्राइव्हमध्ये काय आहे ते त्याच्या गावीही नसतं. तुमच्या एसएसडीवर विंडोज पूर्ण होतं हो, फक्त त्याला उठवणारी फाइलच नव्हती. मग बूट ऑर्डरमध्ये ती डिस्क कितीही वर नेऊन ठेवा, काय होणार? म्हणून मी लेखात 'पूर्ण डिस्क क्लोन करा' असं म्हटलं होतं, नुसता ड्राइव्ह नाही.

आता लेगसी. ती जुनी पद्धत, त्यात बायोस डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतं आणि तिथून पुढे जातं. दुकानातल्या माणसाने एसएसडी कोरी केली आणि एमबीआर पद्धतीने (डिस्कचे भाग मांडायची जुनी रीत) नवीन विंडोज टाकलं, म्हणून ते बूट झालं. नुसता मोड बदलून तुमचा क्लोन काही उठला नसता. आणि हेच नवीन विंडोज त्याने यूईएफआयमध्ये टाकलं असतं तरी तितक्याच वेळात, तितकंच छान चाललं असतं. म्हणजे काम केलं ते नव्या इन्स्टॉलने, श्रेय मात्र लेगसीला गेलं.

तुम्ही म्हणाल, चालतंय ना मग काय बिघडलं. बिघडतं असं की विंडोज टेनचा नेहमीचा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज इलेव्हनला यूईएफआय, सिक्युअर बूट (खात्रीच्या फाइलनेच सुरू होऊ देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह त्यात बसतो! म्हणजे मुलीचा लॅपटॉप अजून बरीच वर्षं चालण्यासारखा आहे आणि केवळ एका सेटिंगपायी तो इलेव्हनला अपात्र ठरणार, याचंच मला फार वाईट वाटतं.

बरं, यासाठी परत फॉरमॅट मारायची गरज नाही. विंडोज टेनमध्येच २०१७ च्या १७०३ व्हर्जनपासून एमबीआर२जीपीटी नावाची कमांड आहे, ती डेटा न उडवता डिस्क एमबीआरवरून जीपीटी या नव्या मांडणीत बदलते आणि तो बारका ईएफआय तुकडाही स्वतःच बनवते. आधी मुलीच्या फाइल्सची कॉपी दुसरीकडे घ्या. जुनी हार्डडिस्क इतक्यात पुसू नका, दुकानदार काहीही म्हणो. मग स्टार्टमध्ये सिस्टम इन्फर्मेशन उघडून 'बायोस मोड' ही ओळ बघा, तिथे लेगसी असेल तरच पुढे जायचं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी सस्पेंड करा, नाहीतर सेटिंग बदलल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल आणि ती हाताशी नसली की पंचाईत. त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ही कमांड व्हॅलिडेट लावून चालवा, सोबत अलाऊफुलओएस हा पर्यायही द्यावा लागतो. व्हॅलिडेटने डिस्कवर काही बदलत नाही, फक्त तपासणी होते. ती पास झाली की कन्व्हर्ट, आणि रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन लेगसीचं यूईएफआय, बस. चार्जर लावून आणि बॅटरी भरूनच बसा, पावसाळ्यात आपल्याकडे लाइटचा काय भरवसा.

दुकानात जाऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही, त्या माणसाने मेहनतीचे पैसे घेतले आणि लॅपटॉप चालू करून दिला. पण जाताना 'यूईएफआयमध्ये, जीपीटीवर टाका' एवढं सांगता आलं पाहिजे. विशेषतः एनव्हीएमई एसएसडी (साटाहून नव्या प्रकारची) असेल तर, कारण लेगसीत ती बहुतेक लॅपटॉपवर बूटच होत नाही, आणि मग चांगली एसएसडी खराब म्हणून परत जाते.

तर काका, व्हॅलिडेटपर्यंत करा आणि काय मेसेज आला तो जसाच्या तसा इथे लिहा. दुकानात तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) पाडले असतील तर ते नापास होईल, मग आधी एखादं कमी करावं लागेल. मेसेज बघून सांगतो, तोपर्यंत कन्व्हर्टला हात लावू नका.