बुलढाण्याची ताराबाई

आठ मार्च जवळ आला की आमच्या गावाकडच्या ग्रुपवर निमंत्रणांचा पाऊस पडतो. 'कर्तृत्ववान महिलांचा सत्कार.' शाल, श्रीफळ, गुलाबपुष्प, मग पाहुण्यांचं भाषण. त्या भाषणात स्त्री म्हणजे त्याग, स्त्री म्हणजे सहनशीलता, हे ठरलेलं. सत्कारमूर्ती मान खाली घालून बसलेल्या. यंदाही पत्रिका आली आणि मला ताराबाई शिंदे आठवल्या. त्या मंचावर असत्या तर पाहुण्यांचं भाषण पुरं झालं नसतं.

मी बुलढाण्याचा. दहावीपर्यंत तिथेच शिकलो, आणि या काळात हे नाव एकदाही कानावर पडलं नाही. पुण्यात नोकरीला आल्यावर एका मैत्रिणीने विचारलं, "तू ताराबाईंच्या गावचा ना?" मी म्हणालो, कोण ताराबाई? अजून लाज वाटते.

तर या ताराबाई. वडील बापूजी हरी शिंदे, डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. मुलगी घरीच शिकलेली, पडद्यात वाढलेली. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांना आयतं कोलीत मिळालं. पुण्याच्या एका पत्राने तर सगळ्या बायकांनाच धारेवर धरलं. हे वाचून बुलढाण्यात बसलेली ही बाई उठली आणि १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' छापून मोकळी झाली. श्री शिवाजी छापखाना, पुणे. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे.

पुस्तक हातात घ्या, दमच लागतो. बायकांवर जे जे आरोप होतात, कपटी, चंचल, अविचारी, ते एकेक उचलायचं आणि पुरुषांच्या पदरात टाकायचं, अशी त्याची रीत. बायको मेली की दहाव्या दिवशी दुसरी आणणारे तुम्ही, आणि नवरा मेला की तिच्या डोक्यावर वस्तरा? नवरा देव म्हणता, मग वागता का देवासारखे? भाषा अगदी घरातली, भांडणातली. विनंतीचा सूर नाही. देव-पुराणांनाही सोडलेलं नाही.

टीका झालीच. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार' या पुस्तिकेत ताराबाईंची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. आणि या पुस्तकाचंही नाव पुढे विरून गेलं, ते १९७५ साली अभ्यासक स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं. मला राग टीकेचा येत नाही, या नव्वद वर्षांचा येतो.

आमच्या जिल्ह्याला बायकांचा अभिमान नाही असं कोण म्हणेल? सिंदखेड राजा आमच्याच जिल्ह्यात. १२ जानेवारीला तिथे जो जनसागर लोटतो, तो पाहून माझीही छाती भरून येते. पण नीट ऐका, जिजाऊंबद्दल नव्वद टक्के बोलणं 'आई' म्हणून. पुण्याची जहागीर त्यांनी सांभाळली, निवाडे केले, हे बोलायला वेळ उरत नाही. आईला हार घालायला आम्ही एका पायावर तयार. उलट बोलणाऱ्या बाईचं काय करायचं, ते अजून ठरत नाही.

चौकाला ताराबाईंचं नाव द्या, अशीही एक मागणी ऐकली. द्या बापडे. दोन वर्षांत त्याची आद्याक्षरं होतील आणि रिक्षावाल्याला तेवढीच कळतील. माझं म्हणणं वेगळं आहे. जयस्तंभ चौकात यंदा हार-तुरे नकोत, माईक लावा आणि 'स्त्रीपुरुषतुलने'तली दहा पानं मोठ्याने वाचा. कोणाला झोंबलं तर झोंबू द्या. तिने लिहिलंच त्यासाठी होतं.

मागच्या रविवारी घरी गेलो तेव्हा प्रयोग केला. आईला म्हटलं, ताराबाईंचं वाचून दाखवतो. "कोन ताराबाई? त्या मराठी शाळेतल्या बाई का?" म्हणाली आणि शेंगा सोलत बसली. वाचत गेलो तसा तिचा हात थांबला. वस्तऱ्याच्या जागी नुसतं "हं" आलं. विजयालक्ष्मीचं सांगितलं: आधी फाशीची शिक्षा, मग तिची जन्मठेप झाली, मग तीही पाच वर्षांवर आली.

आईने सूप बाजूला सारलं.

"अन् त्या लेकराच्या बापाले काय झालं?"