चित्रीकरणाआधीच वाजलेले संगीत

इटालियन चित्रपटसंगीतकार एन्नियो मोरिकोने यांचे नाव निघाले की बहुतेकांना आठवते ती त्यांच्या वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपटांतली शीळ. रिंगटोन होऊन ती इतकी झिजली आहे, की तिच्यामागचे डोके कोणाला दिसतच नाही. १९५० आणि १९६०च्या दशकांतले इटालियन चित्रपटसंगीत केवळ चाली गोड होत्या म्हणून थोर ठरले, हे मला पटत नाही. चित्रपट घडत असताना ते संगीत कोणत्या टप्प्यावर आत शिरे, यात त्याचे निम्मे बळ आहे.

त्या काळी इटलीत चित्रीकरणाच्या वेळचा आवाज सहसा वापरला जात नसे. संवाद मागाहून डबिंगमध्ये भरले जात. दिग्दर्शक फेलिनी तर कधी कधी नटांना संवादांऐवजी नुसते आकडे म्हणायला लावत. ओठ आणि शब्द जुळत नाहीत म्हणून आपण या चित्रपटांना नावे ठेवतो, पण त्याच मोकळिकीमुळे कॅमेरा चालू असताना सेटवर खुशाल संगीत वाजवता येई. गाण्याच्या चित्रीकरणात प्लेबॅक लावणे आपल्याला नवे नाही. तिथे मात्र गाणे नसलेल्या, नुसत्या चालण्या-वळण्याच्या प्रसंगांतही हे होत असे.

याचे सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे दिग्दर्शक सर्जियो लिओने यांचा १९६८चा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’. मोरिकोने यांनी त्याच्या मुख्य धुना चित्रीकरणाआधीच रचल्या होत्या आणि त्या सेटवर वाजवल्या जात. नायिका क्लाउडिया कार्डिनाले रेल्वे स्टेशनात शिरते, कॅमेरा खिडकीतून तिला पाहतो आणि मग क्रेनवरून छपरापलीकडे चढत अख्खे गाव उघडतो. नेमक्या त्याच क्षणी गायिका एड्डा डेल’ऑर्सो यांचा आवाज, शब्दांविना, केवळ आकारात, वर जातो. इथे सुरांना चित्राच्या मागे धावावे लागलेले नाही, क्रेनच सुरांच्या गतीने चढली आहे. आणि याच चित्रपटाच्या सुरुवातीला कितीतरी मिनिटे संगीताचा एक सूरही नाही: कुरकुरणारी पवनचक्की, टोपीवर ठिबकणारे पाणी, एक माशी. कुठे गप्प राहायचे हे कळणारा संगीतकार मला धून सुचणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

सुरुवातीला म्हटलेली ती शीळ अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी यांची, गिटारही त्यांचीच. लिओने यांच्यासोबतच्या १९६४च्या पहिल्या वेस्टर्नच्या वेळी मोठ्या वाद्यवृंदाला पैसे नव्हते, म्हणून शीळ, चाबूक, घंटा आणि इलेक्ट्रिक गिटार यांवर काम भागवले गेले. हा मेळही मोरिकोने यांनी दोनेक वर्षांपूर्वी एका अमेरिकी लोकगीताच्या संयोजनासाठी जमवलेला होता. गोफ्रेदो पेत्रास्सी यांच्यासारख्या अभिजात संगीतातल्या गुरूकडे शिकलेल्या माणसाने चाबकाला वाद्याचा मान द्यावा, याचे मला आजही कौतुक वाटते.

जुने पुन्हा वापरण्यात दुसरे इटालियन संगीतकार नीनो रोता तर त्यांच्याही पुढे होते. ‘द गॉडफादर’साठीचे त्यांचे ऑस्कर नामांकन रद्द झाले, कारण त्यातली प्रेमधून १९५८च्या ‘फोर्तुनेल्ला’ या इटालियन चित्रपटात आधीच येऊन गेली होती. मला तो निर्णय कोता वाटतो. ‘फोर्तुनेल्ला’त तीच धून चटपटीत, जवळजवळ थट्टेच्या अंगाने येते, लय आणि वाद्ये बदलताच तिचा शोक झाला. आपल्याकडे एकाच रागात दोन परस्परविरुद्ध भावांच्या बंदिशी असल्या, तर कोणी गवयाला चोर म्हणत नाही.

इटलीतल्या बारी शहराच्या संगीतविद्यालयाचे अनेक वर्षे संचालक असलेले रोता फेलिनींसाठी १९५२पासून १९७९मधल्या आपल्या मृत्यूपर्यंत लिहीत राहिले. माझ्या दृष्टीने त्यांचे शिखर आहे १९५४चा ‘ला स्त्रादा’. त्यातली लहानशी धून पडद्यामागे राहत नाही, ती पात्रांच्याच हातांत असते. आधी डोंबाऱ्याच्या इवल्या व्हायोलिनवर ऐकू येणारी ती धून पुढे नायिका जेल्सोमिना ट्रंपेटवर वाजवते. तिला टाकून गेलेला तिचा सोबती झांपानो काही वर्षांनी समुद्राकाठच्या एका गावात फिरत असतो, आणि कपडे वाळत घालणारी एक अनोळखी बाई तीच धून गुणगुणत असते. तो विचारतो, कुठे ऐकलीस? ती कपडे झटकता झटकता सांगते, की इथे एक मुलगी होती, ती ट्रंपेटवर हे वाजवायची, मेली बिचारी.