पेनल्टी आणि टीम ऑर्डर ही दोन वेगळी भांडणं नाहीत

2025 च्या फॉर्म्युला वन हंगामाचा हिशेब असा लागला: मॅक्लारेनचा नॉरिस 423 गुण, रेड बुलचा वर्स्टापेन 421, मॅक्लारेनचाच पियास्त्री 410. तेव्हापासून दोन वाक्यं फिरताहेत. पहिलं, मॉन्झाला मॅक्लारेनने पियास्त्रीकडून दुसरी जागा काढून नॉरिसला दिली नसती तर नॉरिस 420 वर अडकला असता आणि वर्स्टापेन एका गुणाने जिंकला असता. दुसरं, बार्सिलोनाला वर्स्टापेन मर्सिडीजच्या रसेलला धडकला नसता तर पाचव्या जागेचे 10 गुण त्याचेच होते, दहा सेकंदांच्या पेनल्टीमुळे हातात एकच आला. दोन्ही बेरजा बरोबर आहेत. (एक शर्यत बदलली तरी बाकीच्या जशाच्या तशा झाल्या असत्या, हे धरून. ते धरायला काहीच आधार नाही, पण सगळे धरतात.)

या बेरजांवरचा वाद पुढे सरकत नाही, कारण तो आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं या तालावर चालतो. मॉन्झावर चिडलेला माणूस बार्सिलोनाला 'रेसिंग आहे, चालायचंच' म्हणतो, आणि उलटही. माझं म्हणणं वेगळं आहे. पेनल्टी आणि टीम ऑर्डर (टीमने आपल्याच दोन ड्रायव्हरांपैकी कोण पुढे राहील ते ठरवणं) हे दोन विषय आपण उगाच वेगळे काढलेत. दोन्हींचा निर्णय पिटवॉलवर, म्हणजे ट्रॅकशेजारी टीमचे लोक बसतात तिथे, एकाच स्क्रीनकडे बघून, सेकंदांत होतो. पेनल्टी म्हणजे आज टीमसाठी एक भाव आहे, आणि परवडला की टीम तो मोजते.

आधी यंत्रणा कशी चालते ते बघू, कारण निम्मे वाद तिथेच संपतात. 5 किंवा 10 सेकंदांची पेनल्टी पुढच्या पिटस्टॉपला भोगायची असते. गाडी खुणेवर थांबते आणि तेवढे सेकंद तिला हात लावायचा नाही, त्यानंतर टायर. पुढे पिटस्टॉप होणारच नसेल तर ते सेकंद शेवटच्या वेळेत मिळवले जातात. ड्राइव्ह-थ्रूमध्ये पिटलेनमधून वेगमर्यादेत न थांबता जायचं, स्टॉप-अँड-गोमध्ये 10 सेकंद थांबायचं आणि टायरही बदलायचे नाहीत. शर्यत संपत आल्यावर किंवा संपल्यावर या दोन शिक्षा झाल्या तर त्यांचे अनुक्रमे 20 आणि 30 सेकंद धरले जातात.

'हात लावायचा नाही' म्हणजे नेमकं काय, यावर 2023 मध्ये जेद्दाहला एक पोडियम (पहिल्या तिघांतली जागा) गेला आणि परत आला. ॲस्टन मार्टिनच्या अलोन्सोने ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, गाडी चौकटीबाहेर उभी केली, 5 सेकंद मिळाले, ते त्याने सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना मागे घेऊन हळू चालणारी गाडी) असताना पिटमध्ये भोगले. त्या पाच सेकंदांत मागचा जॅक गाडीला टेकला. शर्यतीनंतर आणखी 10 सेकंद लागले आणि तिसरी जागा रसेलला गेली. मग ॲस्टन मार्टिनने जॅक टेकूनही शिक्षा न झालेली जुनी उदाहरणं व्हिडिओसकट दाखवली आणि निकाल फिरला. नियम एका ओळीचा होता. 'काम करणे' यात जॅकचा स्पर्श येतो की नाही, एवढंच कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

याच प्रसंगात दुसरी गोम आहे. सेफ्टी कार आली की सगळ्यांमधली अंतरं पुसली जातात. त्या वेळी पाच-दहा सेकंद भोगून घेतले आणि मागची गाडी लांब असली, तर एकही जागा जात नाही. तीच पेनल्टी मोकळ्या शर्यतीत, गाड्या एकमेकींना चिकटलेल्या असताना, पाच-सहा जागा खाते. म्हणजे गुन्हा तोच, शिक्षाही कागदावर तीच, किंमत मात्र नशिबावर. 'स्टुअर्ड (शर्यतीचे पंच) एकसारखे निर्णय देत नाहीत' ही ओरड मला त्यामुळे अर्धवट वाटते. समजा निर्णय अगदी एकसारखे दिले, तरी सेकंद हे चलनच एकसारखं नाही.

वेगवान गाडीला तर ते स्वस्तच पडतं. 2021, सिल्व्हरस्टोन. पहिल्याच लॅपला कॉप्सवर हॅमिल्टन आणि वर्स्टापेन भिडले. वर्स्टापेन 51 जीच्या धक्क्याने टायरभिंतीत आणि तिथून रुग्णालयात. हॅमिल्टनला 10 सेकंद, आणि शर्यत त्यानेच जिंकली. लोक अजून म्हणतात की परिणाम बघून शिक्षा द्यायला हवी होती. मला हे पटत नाही. स्टुअर्ड कृती तपासतात, नुकसान नाही, आणि ते तसंच राहावं. परिणामावर शिक्षा ठरली तर एकाच चुकीला वाळूची पट्टी असलेल्या कोपऱ्यावर माफी आणि भिंत असलेल्या कोपऱ्यावर बंदी, असा कारभार होईल. तक्रार करायची तर ती 10 सेकंदांबद्दल करा. मर्सिडीजच्या त्या दिवशीच्या वेगापुढे ते फार नव्हते.

आता ज्या शर्यतीमुळे हे दोन्ही विषय एकत्र आले, ती बघा. जेद्दाह, 2024. हास टीमची एक गाडी मॅग्नुसनकडे. दुसरी, म्हणजे हुल्केनबर्गची, सुरुवातीच्या सेफ्टी कारला पिटमध्ये आली नव्हती. तिला नंतर थांबावं लागणार होतं, आणि थांबून दहावी जागा टिकवायची तर मागच्या गाड्यांवर एका पिटस्टॉपएवढी आघाडी हवी होती. मॅग्नुसनला आल्बनशी झालेल्या धडकेसाठी 10 सेकंद लागले. मग त्याने ट्रॅकबाहेर जाऊन त्सुनोदाला मागे टाकलं, त्याचे आणखी 10. वीस सेकंद डोक्यावर असलेल्या ड्रायव्हरला स्वतःच्या निकालाची काळजी उरत नाही. त्याने वेग कमी केला आणि त्सुनोदासकट मागची सगळी रांग अडवून धरली. पुढे हुल्केनबर्गची आघाडी वाढत गेली, तो थांबला, दहावा आला, हासला एक गुण मिळाला. मॅग्नुसन बारावा.

इथे नियम मोडला का? ट्रॅकबाहेरून ओव्हरटेक केला तेव्हा मोडला, त्याची शिक्षा झाली. हळू चालवणं गुन्हा नाही. पण बेकायदा मिळवलेली जागा शर्यतभर त्याच्याकडेच राहिली आणि सगळा डाव त्या जागेवर उभा होता. त्सुनोदाच्या टीमला त्या 20 सेकंदांचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण ते मॅग्नुसनच्या खात्यातून वजा झाले आणि फायदा हुल्केनबर्गच्या खात्यात जमा झाला. यालाच मी भाव मोजणं म्हणतो.

उपाय किचकट नाही. ट्रॅकबाहेर जाऊन जागा मिळवली असेल तर ती परत द्या. ठरलेल्या लॅपच्या आत दिली नाही तर थेट ड्राइव्ह-थ्रू. सेकंद फक्त धडकेसारख्या गोष्टींसाठी ठेवा, जिथे परत देण्यासारखं काही नसतं. फायदा परत करण्याची संधी देण्याचा अधिकार रेस डायरेक्टरकडे आजही आहे, पण तो त्यांच्या मर्जीवर आहे. तो बंधनकारक करा आणि एका लॅपच्या आत टीमला कळवा.

लवकर कळवणं का महत्त्वाचं, ते बार्सिलोना 2025 मध्ये दिसलं. उशिराच्या सेफ्टी कारनंतर वर्स्टापेन हार्ड टायरवर, आजूबाजूचे सॉफ्टवर. पहिल्या कोपऱ्यावर रसेल आत घुसला, वर्स्टापेन बाहेरच्या वाटेने जाऊन पुढेच राहिला. पेनल्टी लागेल या भीतीने रेड बुलने त्याला जागा परत द्यायला सांगितलं. स्टुअर्डांनी नंतर त्या प्रसंगावर काहीच कारवाई केली नाही, म्हणजे परत देण्याची गरजच नव्हती. पाचव्या कोपऱ्याआधी त्याने वेग कमी केला, रसेल पुढे येऊ लागला आणि याने पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला. त्या धडकेला माफी नाही, 10 सेकंद आणि परवान्यावरचे 3 दंड-गुण योग्यच होते. पण टीमने तो आदेश अंदाजाने दिला होता, कारण स्टुअर्ड काय म्हणतील हे त्या क्षणी कुणालाच माहीत नव्हतं.

स्टुअर्डांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांबद्दल थोडक्यात. 2025 च्या जूनमध्ये खेळाची नियामक संस्था एफआयएने त्या जाहीर केल्या, हे चांगलं झालं. आतून ओव्हरटेक करताना कोपऱ्याच्या सगळ्यात आतल्या बिंदूशी, म्हणजे एपेक्सला, तुमचा पुढचा ॲक्सल निदान दुसऱ्याच्या आरशाच्या रेषेत हवा आणि गाडी ताब्यात हवी. गोची अशी की मोजायला सोपी गोष्ट म्हणून सगळं एपेक्सवर येऊन थांबतं. ऑस्टिन 2024 मध्ये नॉरिस बाहेरून गेला, वर्स्टापेनने उशिरा ब्रेक लावून एपेक्स आधी गाठला आणि दोघेही ट्रॅकबाहेर गेले. पेनल्टी नॉरिसला. स्टुअर्डांनी 10 ऐवजी 5 सेकंद दिले, आणि कारण लिहिलं की वर्स्टापेनची गाडी इतकी जवळ होती की बाहेर जाण्यावाचून नॉरिसकडे फारसा पर्याय नव्हता. पर्याय नव्हता हे मान्य, तरी शिक्षा! पुढच्याच आठवड्यात मेक्सिकोत वर्स्टापेनला दोनदा 10 सेकंद लागले. ज्याला स्वतःची गाडी ट्रॅकवर ठेवून कोपरा घेता येत नाही, त्याने एपेक्स आधी गाठल्याचा हक्क सांगू नये, एवढं वाक्य पुरेसं होतं.

आता टीम ऑर्डर. ऑस्ट्रिया 2002 ला फेरारीच्या बारिकेलोने शेवटच्या सरळ पट्ट्यावर आपल्याच टीमच्या शूमाखरला पुढे सोडलं आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. फेरारीला दहा लाख डॉलर दंड झाला, पण तो पोडियमवर जागा बदलून शिष्टाचार मोडल्याबद्दल, ऑर्डरबद्दल नाही. ऑर्डरवर तेव्हा बंदीच नव्हती. ती 2003 पासून आली. मग 2010 ला हॉकेनहाइमला फेरारीच्याच मास्साला रेडिओवर सांगण्यात आलं की फर्नांडो (अलोन्सो, त्याचा जोडीदार) तुझ्यापेक्षा वेगवान आहे, समजलं ना? एक लाख डॉलर दंड, निकाल कायम, आणि 2011 पासून बंदी रद्द. बरं झालं. रेडिओवरचं वाक्य पकडता येतं, पण इंधन वाचव, टायर सांभाळ, एक लॅप उशिरा ये, हे सगळं ऑर्डरच असतं आणि ते कायदेशीर कामापासून वेगळं काढता येत नाही. पुन्हा बंदी घाला म्हणणाऱ्यांनी ती पकडायची कशी तेवढं सांगावं.

बंदी नको, पण कसोटी हवी. मी वापरतो ती अशी: टीमने घेतलेला निर्णय तेवढा उलटा करून बघा, बाकी सगळं तसंच ठेवा. जागा तरीही गेली असती का?

हंगेरी 2024. पुढे पियास्त्री, मागे नॉरिस. मागून येणाऱ्या हॅमिल्टनपासून सांभाळायला मॅक्लारेनने नॉरिसला आधी पिटमध्ये घेतलं, पियास्त्रीला दोन लॅपनंतर. नव्या टायरवर नॉरिसने ते अंतर खाल्लं आणि पुढे आला. हा शुद्ध अंडरकट, टीमने हातात दिलेला. क्रम उलटा केला असता तर पियास्त्री पुढेच राहिला असता. त्यामुळे शेवटी शेवटी नॉरिसने जागा सोडली ते योग्य झालं. त्यासाठी इतका वेळ रेडिओवर विनवण्या कराव्या लागल्या, ते सोडा.

मॉन्झा 2025. पुढे नॉरिस, मागे पियास्त्री. मागच्या लक्लेरला अंडरकटची संधी मिळू नये म्हणून पियास्त्री आधी थांबला, आणि नॉरिसने ते मान्य केलं, अंडरकट होणार नाही या बोलीवर. पुढच्या लॅपला नॉरिस आला, पुढचं डावं चाक अडलं, थांबा 5.9 सेकंदांचा झाला आणि तो पियास्त्रीच्या मागे बाहेर पडला. इथे क्रम उलटा करा आणि अडलेलं चाक तसंच ठेवा: ते चारएक सेकंद तरीही जाणारच होते. जागा क्रमामुळे गेली नाही, चाकामुळे गेली. पियास्त्रीनेही रेडिओवर तेच म्हटलं, की हळू पिटस्टॉप हा शर्यतीचा भाग असं आपलं ठरलं होतं. मग त्याने जागा दिली. माझ्या मते मॅक्लारेन तिथे चुकली. नॉरिसवर मेहेरबानी करायची म्हणून चुकली असं मला वाटत नाही. हंगेरीचा कित्ता मॉन्झात गिरवला, प्रश्न वेगळा आहे हे न बघता.

राहिला परवान्यावरच्या दंड-गुणांचा मुद्दा. बारा महिन्यांत 12 झाले की एका शर्यतीची बंदी. ही पद्धत 2014 पासून आहे आणि तिच्याखाली पहिली बंदी 2024 मध्ये मॅग्नुसनवरच आली. मॉन्झाला गॅस्लीशी झालेल्या किरकोळ धडकेने बारा भरले, खुद्द गॅस्लीने यात एवढं काही नव्हतं असं सांगितलं, तरी बाकूला त्याच्या जागी बेअरमन बसला. जेद्दाहच्या डावातून आलेला गुण मात्र हासच्या खात्यात शाबूत होता.

टीमच्या डावाची किंमत टीमकडून वसूल करायची सोय नियमांत नाही असं कुणी म्हणू नये. 2007 मध्ये मॅक्लारेनचे कन्स्ट्रक्टर्सचे, म्हणजे टीमच्या विजेतेपदाचे, सगळे गुण काढून घेतले, ड्रायव्हरांचे ठेवले. 2020 मध्ये ब्रेक डक्टच्या प्रकरणात रेसिंग पॉइंटचे 15 गुण कापले, तिथेही ड्रायव्हरांना हात लावला नाही. एका गाडीची पेनल्टी दुसऱ्या गाडीच्या फायद्यासाठी वापरली हे रेडिओ आणि लॅपच्या वेळांवरून सिद्ध झालं, की दुसऱ्या गाडीने आणलेले कन्स्ट्रक्टर्सचे गुण त्या शर्यतीपुरते कापा. जेद्दाहला तो एकच गुण होता. तो गेला असता तर पुढच्या वेळी पिटवॉलवरचा हिशेब वेगळा झाला असता.